दुचाकीवरचे सामान आणि आयर्लंडची रात्र

डिसेंबरच्या उत्तरार्धात डब्लिन नगरीत सूर्य सायंकाळी चारच्या सुमारास अस्तास जातो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजून गेल्याखेरीज त्याचे दर्शन घडत नाही. सबब, दुचाकीला पेट्या जोडून कचेरीस जाणारा येथला इसम हिवाळ्यात जातानाही अंधारात असतो आणि परततानाही. शहराची हद्द ओलांडताच रस्त्यावरील दिवे संपतात, दोन्ही बाजूंना दगडी गडगे किंवा काटेरी झुडपांच्या उंच भिंती लागतात, आणि वाट इतकी चिंचोळी होते की समोरून ट्रॅक्टर आल्यास कोणा एकाने थांबावेच लागते. ७ फेब्रुवारी २०२५ पासून अशा स्थानिक ग्रामीण रस्त्यांवरील सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरवरून ६० वर आणली गेली आहे हे खरे. तथापि ६० च्या वेगातही मोटार दर सेकंदास सुमारे सतरा मीटर पुढे सरकते. अशा मुलुखात मागे बांधलेले सामान इतरांस वेळेवर दिसावे म्हणून काय तजवीज करावी, याविषयी जे समज रूढ आहेत त्यांतील काही निरुपद्रवी आहेत, काही मात्र जिवावर बेतणारे आहेत.

पहिला समज रंगाचा. सामानाची पिशवी झगझगीत पिवळी वा केशरी घेतली की रात्रीची चिंता मिटली, असे मानणारे सुशिक्षित लोकही पुष्कळ भेटतात. वस्तुतः या रंगांचे तेज उसने असते: सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरण शोषून घेऊन ते दृश्य प्रकाशाच्या रूपाने परत देणे एवढेच त्या रंगद्रव्याचे कार्य असल्यामुळे ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला ते उत्तम साधते, पण रात्र पडली की भांडवलच संपते, आणि मोटारीच्या दिव्यात तो पिवळा इतर कोणत्याही फिकट रंगाहून फारसा वेगळा उरत नाही. येथे शिकाऊ मोटारसायकलस्वाराने ‘एल’ अक्षर असलेले पिवळे जाकीट घालावे असा कायदा आहे, आणि २००६ साली स्थापन झालेल्या रस्ता सुरक्षा प्राधिकरणाने लोकांना चकाकती जाकिटे फुकट वाटलेली आहेत. परंतु अशा जाकिटाचा रात्रीचा आधार त्याचा पिवळा रंग नसून त्यावर शिवलेल्या रुपेरी पट्ट्या हा होय.

जाकीट अंगात आहे, मग सामानास वेगळे काही कशाला, असा यावर एक प्रश्न येतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झालेल्या आणि २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे कपडे वापरणाऱ्या मोटारसायकलस्वारांना इजेचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, ही गोष्ट जाकिटाच्या बाजूची आहे खरी. पण पाठीमागे टॉप बॉक्स बसवला आणि त्यावर गुंडाळलेली पिशवी बांधली की मागून येणाऱ्यास स्वाराची पाठ दिसतेच कुठे? पेटी जाकिटाला झाकते, म्हणून जाकिटाचे काम पेटीनेच अंगावर घेतले पाहिजे.

आता रुपेरी पट्टीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ती स्वयंप्रकाशी असते असा समज फार खोल रुजलेला आहे. यॉर्कशरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये पेटंट घेतलेला रस्त्यावरचा ‘मांजराचा डोळा’ असो, की पट्टीतले काचेचे बारीक मणी वा प्लॅस्टिकचे सूक्ष्म त्रिकोणी लोलक असोत, त्या सर्वांचा धर्म एकच: प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने त्याला परत धाडणे. याची परीक्षा घरीच घेता येते. अंधाऱ्या खोलीत पाच-सहा पावलांवर पट्टी ठेवून मोबाइलची विजेरी डोळ्यालगत धरली तर पट्टी पेटल्यासारखी दिसते. तीच विजेरी हात लांब करून बाजूला नेली की पट्टी राखी, निस्तेज होऊन जाते. यावरून दोन गोष्टी निघतात. मालट्रकचा चालक आपल्या दिव्यांपासून बराच उंच बसलेला असल्यामुळे तेच परावर्तन त्याला मोटारचालकापेक्षा मंद दिसते. आणि आडव्या रस्त्याने चौकाकडे येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोत तुमच्यावर पडेपर्यंत पट्टी असून नसल्यासारखीच. तेथे कामास येतो तो स्वतःचा दिवा. शिवाय उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर चढला म्हणजे प्रकाश मण्यात हवा तसा वळत नाही, आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी केव्हा चढणार नाही, एवढेच विचारावे! लोलकांची, वरून गुळगुळीत व बंद असलेली पट्टी पावसातही टिकाव धरते. पेट्यांसाठी तीच घ्यावी.

गाडीचा मूळ दिवा आहेच, असेही पुष्कळजण म्हणतात. तो दिवा गाडीच्या मध्यरेषेवर असतो. बाजूच्या पेट्यांमुळे वाढलेली रुंदी त्याला सांगता येत नाही, आणि तिरकस कोनातून पाहणाऱ्यास त्या पेट्या इंडिकेटरही झाकून टाकतात. यावर उपाय म्हणून दोन्ही पेट्यांच्या टोकांवर लाल दिवे लावणाऱ्यांना एक सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो: अंधारात दोन अलग लाल ठिपके दूरवरची मोटारही भासू शकतात, आणि तसे वाटले की मागच्याचा अंतराचा अंदाज चुकतो. पेटीच्या कडांनी पूर्ण चौकट आखणारी लाल पट्टी हा घोटाळा करीत नाही, कारण ती ठिपका नव्हे, आकार दाखवते. येथल्या रुग्णालयांसाठी रात्री आणि सुटीच्या दिवशी रक्त, नमुने, औषधे आणि फर्मॅना जिल्ह्यातील मातृदुग्धपेढीतील दूध विनामूल्य पोहोचवणारे ‘ब्लड बाइक’चे स्वयंसेवक आपल्या गाड्या आणि पेट्या सर्व बाजूंनी परावर्तक पट्ट्यांनी मढवतात, यात मिरवण्याचा भाग फारसा नाही.

दिवा जितका प्रखर तितका उत्तम, हा समज तर दुकानदारांनीच पोसलेला आहे. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांच्या तेजात फरक राहिला तरच ब्रेकला अर्थ. टॉप बॉक्सवरील जादा दिव्याने तो फरक बुडवला तर पाठीमागच्याला गाडी थांबते आहे हे कळणार नाही. म्हणून तो दिवा गाडीच्या मूळ मागच्या आणि ब्रेकच्या तारांना, योग्य फ्यूज घालून जोडावा. रंगाबद्दल आयरिश कायद्यात फार मुभा नाही: पुढे पांढरा, मागे लाल, निळा लुकलुकता दिवा गार्डा (आयरिश पोलीस), रुग्णवाहिका, अग्निशमन दल अशा सेवांसाठी राखीव.

शेवटचा समज असा की पट्टी एकदा चिकटवली म्हणजे काम झाले. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ आणि शेतांतून ट्रॅक्टरांनी आणलेला शेणखताचा रबडा दोन दिवसांत पट्टीवर असा लेप चढवतात की तिची चमक निम्म्याहून खाली यावी. त्याहून मोठा शत्रू म्हणजे पिशवीचे पावसाळी आच्छादन: पहिली सर येताच ते काळे कापड ओढले जाते आणि पिशवीवरच्या साऱ्या पट्ट्या त्याखाली जातात. पट्टी आच्छादनावरच शिवून घ्यावी, आणि सुईच्या छिद्रांतून पाणी शिरू नये म्हणून शिवणीवर आतून शिवणपट्टी चिकटवावी.