समुद्रातले मासे मोजतात कसे? भीमेच्या जाळ्यावरून समजून घ्या

मंद्रूप : गेल्या साली भीमेत चार जाळ्यांत दहा किलो मासळी मिळायची. यंदा तेवढ्यालाच आठ जाळी लागली, तर नदीत मासे घटले हे कुणीही सांगेल. हिंद महासागरातला कुपा, म्हणजे ट्यूना, असाच मोजतात. किती गळ टाकले, कुठे, मासे किती अन् केवढे लांब, या नोंदी भारतासह सदस्य देश सेशेल्समधल्या ट्यूना आयोगाला देतात. त्यावरून संगणकावर साठ्याचा अंदाज बांधला जातो. २००५ ते २००७ मध्ये दीड लाखांवर माशांना खुणा लावून सोडलं. जे परत सापडले, त्यांच्यावरून वाढ अन् प्रवास कळला.

गोची एकच. जीपीएस आणि नव्या यंत्रांमुळे मासळी तेवढीच मिळत राहते, साठा मात्र आतून रिकामा होतो. नोंदीत नुसतं वजन लिहिलं, मेहनत नाही लिहिली, तर हे दिसतच नाही.