सहा तारा, तीन लिप्या आणि मेहेराबादची टेकडी

'बाबा ओ'रायली' हे 'द हू' या इंग्लिश बँडचं १९७१ सालचं गाणं. इलेक्ट्रिक गिटार हातात घेतलेला पोरगा आज ना उद्या या गाण्यापाशी येतोच. गंमत अशी की गाण्याच्या शब्दांत हे नाव कुठेच नाही. ते दोन माणसांवरून घेतलंय. ओ'रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली आणि बाबा म्हणजे आपल्या अरणगावचे मेहेरबाबा. नगरहून दौंड रस्त्याने नऊ-दहा किलोमीटर गेलं, रेल्वेचे रूळ ओलांडले की जी मेहेराबादची टेकडी लागते, तिच्यावर त्यांची समाधी आहे. माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या नगरच्या पोरांना हे सांगितलं की ती आधी संशयाने बघतात, मग मोबाइल काढून खातरजमा करतात आणि मग मुकाट्याने गिटार जुळवायला घेतात. त्यामुळे गिटारचं तंत्र आणि गिटारची लिपी यांवर लिहायचं ठरलं, तेव्हा मी मेहेराबादवरूनच सुरुवात करणार हे घरच्यांनी आधीच ओळखलं होतं.

मेहेरबाबा, म्हणजे मेरवान शहरियार इराणी, यांचा जन्म पुण्याचा, १८९४ चा. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. 'द हू'चा गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी, पण दोघांची भेट कधीच झाली नाही. बाबा गेले त्याच वर्षी मे महिन्यात 'टॉमी' हा अल्बम आला. ऐकू, बोलू, पाहू न शकणाऱ्या मुलाची ही कथा, आणि तिच्या वेष्टणावर 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं. पुढे टाउनशेंड मेहेराबादला येऊनही गेला. १९७२ च्या 'हू केम फर्स्ट' या स्वतःच्या अल्बममध्ये त्याने बाबांच्या 'परवरदिगार' प्रार्थनेला चाल लावली. शिवाय जिम रीव्ह्जचं एक गाणं घेतलं, का तर ते बाबांना आवडायचं म्हणून.

आता हा टाउनशेंड कोण? १९६४ साली लंडनच्या हॅरो भागात एका बुटक्या छताखाली वाजवताना त्याच्या गिटारचं डोकं छताला लागून मोडलं. लोक हसले, तर त्याने उरलेली गिटारही आपटून फोडली आणि पुढे तोच त्याचा खेळ झाला. उजवा हात पवनचक्कीसारखा गरागरा फिरवून तारांवर हाणायचा, ही त्याची लकब. चार दशकांहून जास्त काळ मौन पाळणाऱ्या पुरुषाला या माणसाने गुरू मानावं, याचं मला अजून नवल वाटतं. पण त्याचं वादन नीट ऐकलं तर दणदणाटाखाली फार शिस्तीचं डोकं दिसतं. त्याला बारीक, वेगवान बोटांची हौस नाही. तो तालात वाजवतो. गिटार हे आधी तालवाद्य आहे हे माझं ठाम मत, आणि या मताचा पाया टाउनशेंडच्या रेकॉर्डी.

आडवाट निघालीच आहे तर आणखी एक. बॉबी मॅकफेरिनचं १९८८ चं 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे गाणं मेहेरबाबांच्या पोस्टरवरच्या वचनावरून सुचलं. ते पोस्टर त्याने सॅन फ्रान्सिस्कोत पाहिलं, 'टक अँड पॅटी' या जोडीच्या घरी. त्यातला टक अँड्रेस हा एकट्या गिटारवर खर्ज, कॉर्ड आणि चाल तिन्ही सांभाळणारा जबरदस्त वादक. गिटारवाल्याच्या भिंतीवरून गाणं निघालं आणि त्या गाण्यात एकही वाद्य नाही, सगळे आवाज मॅकफेरिनच्या तोंडाचे!

मेहेराबादला आरतीनंतर भक्त आपापल्या भाषेत गातात. तेलुगू, फारसी, इंग्रजी, हिंदी, मराठी. मी जातो तो बराचसा या गाण्यांसाठी. एकदा शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या मांडीवरचा कागद मी वाकून पाहिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, घडीवर फाटलेला. गाण्याच्या शब्दांवर शाईने जी, डी, ई मायनर अशी अक्षरं आणि कोपऱ्यात 'कॅपो २', म्हणजे दुसऱ्या पडद्यावर चाप. तेवढ्यावर माणूस पूर्ण गाणं वाजवून गेला. अगदी असाच कागद मी नगरच्या चर्चमध्ये पाहिलाय. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढे नगरला राहिले आणि त्यांची भजनं मराठी उपासनेत रुळली. त्या भजनांना पेटी-तबल्याबरोबर आता गिटारही साथ करते, आणि 'उपासना संगीत' या भजनसंग्रहाच्या पानावर ओळींच्या वर पेन्सिलीने कॉर्डची अक्षरं लिहिलेली असतात. वरच्या ओळीत रोमन, खालच्या ओळीत देवनागरी.

पण ही अक्षरं म्हणजे टाचण, लिपी नव्हे. कोणती कॉर्ड हे कळतं. ती केव्हा, किती वेळ आणि गिटारच्या गळ्यावर कुठे, हे गाणं आधीपासून डोक्यात असलेल्यालाच कळतं. म्हणून खऱ्या लिप्या तीन: टॅब, पाच रेघांची स्टाफ आणि आपली सरगम.

इतिहास एका दमात उरकतो. टॅब इंटरनेटबरोबर आली असं पोरांना वाटतं. प्रत्यक्षात लुइस मिलानचं 'एल माएस्त्रो' हे विउएला वाद्याचं पुस्तक १५३६ साली स्पेनमध्ये छापलं गेलं ते टॅबमध्येच. आजच्या गिटारचा घाट एकोणिसाव्या शतकात अंतोनियो दे तोरेसने बसवला. स्टाफ वाचणारे लोक आपल्याकडे आले मुख्यतः गोव्याच्या चर्चशाळांतून, आणि मुंबईच्या सिनेसंगीतातली वाद्यवृंदाची पानं सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोवेकरांनी लिहिली. मराठी घरांत गिटार शिरली ती सिनेमातून. 'दम मारो दम' आणि 'चुरा लिया है'ची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे सांगून मी माझ्या आवडत्या विषयाकडे वळतो.

गिटारच्या सहा मोकळ्या तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पोरं हे पाढ्यासारखं पाठ करतात. मी सांगतो, जाड ई तारेला सा माना आणि म्हणा: सा, म, कोमल नी, कोमल ग, प, सा. क्रमाने लावले की सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे तर धानी रागाचे पाच स्वर! गिटार भिंतीला टेकवून नुसती तारांवरून बोटं फिरवली तरी धानीचे स्वर कानावर येतात. ब्लूज आणि रॉक वाजवणारे जिला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात, ती हीच पंचस्वरी. पेटीवर धानी शिकलेल्या मुलीला मी बाराव्या फ्रेटजवळची, म्हणजे पडद्याजवळची, तिची जागा दाखवली, तर दहा मिनिटांत ती तिथे हिंडू लागली. राग धानी आणि ब्लूज एकच असं कुणी म्हणू नये, चलन वेगळं, न्यास वेगळे. पण स्वरांची घरं तीच, आणि नवशिक्याला आधी घरं सापडावी लागतात.

आता 'बाबा ओ'रायली'. त्याची सुरुवात गिटारची नाहीच, ती सळसळ ऑर्गनची आहे. मग गिटार येते ती तीन पॉवर कॉर्डवर: एफ, सी आणि बी फ्लॅट. पेटीच्या भाषेत पांढरी चार, पांढरी एक, काळी पाच. पांढरी चारला सा मानलं तर सा, प, म. संपलं. हाताची ठेवण अशी: सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर पहिल्या फ्रेटला तर्जनी, पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका, चौथीवरही तिसऱ्याच फ्रेटला करंगळी. बारीक तारांना तर्जनीच्या पोटाचा नुसता स्पर्श ठेवायचा, म्हणजे त्या मुक्या राहतात. एफ झाला. हाच पंजा एक तार खाली, पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर नेला की सी. तिथून दोन फ्रेट मागे, बी फ्लॅट. अनामिका फ्रेटच्या पट्टीला अगदी लगटून ठेवा, मध्यावर ठेवली की तार भुणभुणते. अंगठा गळ्याच्या मागे, तर्जनीच्या साधारण समोर.

या कॉर्डमध्ये काय वाजतं? सा, प आणि वरचा सा. गंधार नाही, शुद्धही नाही आणि कोमलही नाही, म्हणून ती ना मेजर ना मायनर. तानपुऱ्याच्या प-सा जोडीची ही दांडगी चुलत बहीण. आणि याला कारण आहे. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून ठोकलेले असतात. सप्तक १२०० सेंटचं धरलं तर त्यात पंचम नैसर्गिक जागेपेक्षा जेमतेम २ सेंट उतरा लागतो, पण शुद्ध गंधार जवळजवळ १४ सेंट चढा. अँप्लिफायरचा आवाज फाटेस्तोवर वाढवला की हा गंधार कानाला बोचतो, पंचम मात्र भरीव राहतो. रॉकवाल्यांनी गणित केलं नव्हतं, कानाने गंधार काढून टाकला.

आता हे लिहायचं कसं? टॅबमध्ये सहा आडव्या रेघा, दर रेघ एक तार, सगळ्यात बारीक तार वर. रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट. आपला एफ म्हणजे खालून वर १, ३, ३. मिनिटभरात वाचता येतं. तंत्राच्या खुणाही सोप्या, सतारवाल्या घरातल्याला तर ओळखीच्या. 'बी' म्हणजे तार ओढून काढलेली मींड, तिरकी रेघ म्हणजे घसीट, 'पी' म्हणजे बोटाने तार खुडून काढलेलं कृंतन, 'एच' म्हणजे न छेडता वरून बोट आपटून काढलेला स्वर. फुली म्हणजे मुकी तार. टॅबची खोट एकच, पण मोठी: बोट कुठे ते सांगते, किती वेळ ते नेटवरच्या बहुतेक टॅब सांगतच नाहीत.

स्टाफचं नेमकं उलटं. तिथे स्वर किती वेळ हे काटेकोर कळतं, पण कुठे हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. बारीक ई तारेचा मोकळा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटलाही मिळतो. कागदावर टिंब एकच, गळ्यावर घरं चार, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. क्लासिकल गिटारच्या पानांवर म्हणून तारेचा आकडा वर्तुळात आणि उजव्या हाताची बोटं पी, आय, एम, ए या अक्षरांनी दाखवतात: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका. शिवाय गिटार जिथे लिहितात त्याच्या एक सप्तक खाली वाजते, हे लक्षात ठेवायचं.

आणि तिसरी, सरगम लिहायची भातखंडे लिपी. गिटारच्या क्लासात तिचं नाव काढलं की पोरं हसतात, मला मात्र वेळ दाखवायला तिच्याइतकी सुटसुटीत लिपी माहीत नाही. मात्रांचे रकाने, समेला फुली, कालाला शून्य, स्वर लांबला की आडवी रेघ, एका मात्रेत दोन स्वर आले की खालून कंस. मंद्राला खाली टिंब, तारला वर. विष्णु नारायण भातखंड्यांनी ही लिपी गायकांसाठी वापरली, पण गिटारचा उजवा हात तिच्यात इतका नेमका बसतो की त्यासाठी मी दुसरं काही शिकवतच नाही. सगळ्यांना छळणारं ते नेहमीचं स्ट्रमिंग घ्या. खाली जाणारा हात 'दा', वर येणारा 'रा', कहरव्याच्या आठ मात्रांत:

दा ऽ दा रा | ऽ रा दा रा

पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर काल. अवग्रह (ऽ) आला की हात थांबत नाही, तो तारांना न लागता हवेत फिरतो. चुकतं ते इथेच. पाचव्या मात्रेला पोरं हात गोठवतात आणि सहावीचा 'रा' उशिरा येतो. डावा हात सोडून द्या, मुक्या तारांवर नुसता हा बोल तोंडाने म्हणत वाजवा, लय मिनिटाला साठ मात्रांची. तोंडाला बसलं की हाताला बसतं. तबलजींच्या घरातली पोरं यात नेहमी पुढे असतात आणि नुसत्या टॅबवर वाढलेली नेहमी मागे.

बोटांना घट्टे पडेपर्यंतचे पहिले काही आठवडे कष्टाचे, त्याला इलाज नाही. अगदी लहान मुलाला नायलॉनच्या तारांची गिटार द्या. वाद्य विकत घेताना बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा, तिथे फट फार दिसली तर ती गिटार कितीही चकचकीत असो, घेऊ नका. बाराव्या फ्रेटला दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात यायला हवा, तो दुकानातच तपासा.

आणि गणिताची चौकटीची वही आणा. एक चौकट एक मात्रा. वरच्या ओळीत दा-रा, तिच्याखाली सरगम, सगळ्यात खाली टॅबचे आकडे. गाणं नेटवरून उतरवून घेण्याऐवजी ऐकून स्वतः या वहीत मांडा, मग ते 'चुरा लिया है' असो की टिळकांचं भजन. दिवाळीच्या सुटीत एकच गाणं असं पुरं मांडलंत, तर वर्षभर टॅब चाळून जे येणार नाही ते हातात येईल.