युरोपात रात्री बाहेर पडताना काय घालाल? कामतघरातून थोडा कापडसल्ला

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला कामतघरकर कापड आधी चिमटीत धरून बघतो, रंग-डिझाइन नंतर. युरोपला निघालेल्यांनीही हेच करावं.

हिवाळ्यात व्हिएन्ना, प्रागला रात्री पारा शून्याखाली सहज उतरतो, पण हॉटेल-थिएटरं आतून उबदार. एकच जाडजूड जॅकेट घातलंत तर आत घाम, बाहेर हुडहुडी. आत थर्मल, वर शर्ट, मग पातळ लोकरी स्वेटर आणि शेवटी कोट. ऑपेरात कोट बाहेरच्या काउंटरवर ठेवायचा असतो, त्यामुळे खालचे कपडेही नीट हवेत.

भिवंडीत भरपूर निघणारं पॉलिस्टर तिथल्या कोरड्या हवेत अंगाला चिकटतं, काढताना चटचट ठिणग्या उडतात. (माल आपल्याच गावचा, पण खरं ते खरं!) सिंथेटिक साडी नेसणार असाल तर परकर सुतीच घ्या, आत थर्मल लेगिंग. पैठणीखाली बूट घातले तरी कुणी नावं ठेवत नाही.

टोकदार टाचा मात्र घरीच ठेवा. प्रागच्या जुन्या भागातल्या दगडी फरसबंदीत त्या अडकतात.

मिलानच्या ला स्काला ऑपेरात हाफपँट किंवा साध्या चपला चालत नाहीत. उलट बर्लिनच्या टेक्नो क्लबांत लग्नातला ब्लेझर परका वाटतो. साधे काळे कपडे उत्तम. तिथल्या बर्गहाइन क्लबात तर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तेव्हा फोटोपुरती खरेदी करूच नका.

पैसे खर्चायचेच तर बुटांवर खर्चा. सुती शर्ट आपला भिवंडीचाही चालतो.