वाटणीचा संगणक

संपादकांनी मला धाडले होते ते चिकूच्या बागांवर लिहावयास. परंतु डहाणू रोड स्थानकाच्या आरक्षण-खिडकीपुढे रांगेत उभा असता पुढच्या निवृत्त गृहस्थांनी विषयच पालटून टाकला. मुंबईच्या एका मोठ्या कचेरीत त्यांनी कैक वर्षे सर्व्हर सांभाळले होते. 'खिडकीतला तो पडदा हे नुसते तोंड,' ते म्हणाले, 'पोट दुसरीकडे.'

रेल्वेची प्रवासी आरक्षण प्रणाली 2010 पासून इटॅनियम प्रोसेसरचे सर्व्हर आणि ओपनव्हीएमएस ही कार्यप्रणाली यांवर चालत असल्याचे 2025 मध्ये अधिकृतपणे सांगण्यात आले. गृहस्थांच्या हाताखालची यंत्रेही याच कुळातली. त्यांतले थोरले सुपरडोम, ज्याचा अवतार 2000 सालचा. सोळापर्यंत 'सेल', आरंभीच्या रचनेत प्रत्येकात चार प्रोसेसर आणि स्वतःची स्मृती. अशा सेलांचे गट पाडून एकाच पेटाऱ्यात अनेक स्वतंत्र संगणक, म्हणजे 'विभाग', नांदवावयाचे. एकाचा अंमल कोसळला तरी शेजाऱ्याला त्याची झळ लागू नये, हा त्यामागील हेतू. कोणता सेल कोणाच्या मालकीचा याची नोंद यंत्र स्वतःच बाळगते. 'सातबाराच म्हणा,' गृहस्थ हसले.

आता गंमत अशी की, आपण घरी बटण दाबून संगणक पुन्हा सुरू करतो, तसे येथे चालत नाही. सर्व विभाग निद्रिस्त असतानाही जागा राहणारा एक व्यवस्थापक प्रोसेसर असतो. हुकूम त्याच्याकडे गुदरावयाचे. 'आरएस' दिला की तो विभाग, चालू कामांची पर्वा न करता, पुन्हा उठतो; पण वाटणी पूर्वीचीच राहते. नवा सेल सातबाऱ्यावर चढवला असेल, तर 'आरआर' हवा. हा खरा फेरफार. त्यानंतर विभागातील सारे सेल स्वतःची तपासणी उरकून दारात थबकतात आणि 'बीओ' हा तिसरा हुकूम येईपर्यंत पाऊल पुढे टाकीत नाहीत. तो आला की ते एकमेकांची वाट पाहतात, तीही फार तर दहा मिनिटे; उशीर करणाऱ्याला मागे ठेवून बाकीचे निघतात. मला तर हे थेट गाडीच्या वेळापत्रकासारखे वाटले.

या थबकण्यानेच त्यांच्या कचेरीत एकदा हाहाकार उडाला होता. एका तरुण सहकाऱ्याने मध्यरात्री 'आरआर' दिला आणि विभाग उठेना म्हणून घाम पुसू लागला. अर्धा तास गेला. बोर्ड जळाला अशी त्याची खात्री होऊन चुकली, आणि संपूर्ण पेटाऱ्याची वीज तोडावयास तो निघाला. तसे झाले असते तर शेजारचे तीन निरपराध विभागही आडवे झाले असते. गृहस्थांनी धावत येऊन पडदा पाहिला. सेल सारे ठणठणीत, हुकुमाची वाट पाहात बसलेले! तेव्हापासून, कोणत्याही हुकुमाआधी विभागाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून पडद्याशी ताडून पाहण्याचा दंडक त्यांनी घालून दिला.

परंतु त्यांची खरी काळजी निराळी होती. इटॅनियमची अखेरची पाठवणी जुलै 2021 मध्ये झाली. सुटे भाग आता जुन्या यंत्रांतून काढावे लागतात; आणि 'आरएस' व 'आरआर' यांतला भेद बोटांना ठाऊक असलेली माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत. नव्या मुलांना हे शिकविणार कोण, आणि त्यांनी तरी मरू घातलेले यंत्र कशासाठी शिकावे?

मजपाशी उत्तर नव्हते. इतक्यात त्यांचा क्रमांक आला. अर्ज आत सरकविण्यापूर्वी त्यांनी गाडीच्या क्रमांकावर बोट ठेवून तो दोनदा वाचला.