चांगुलपणाची सूट

मेलबर्नचं मैदान आपल्याला क्रिकेटच्या धावत्या समालोचनामुळे ठाऊक आहे. तिथल्या हिवाळ्यात त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालतो. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, लांबट चेंडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येतं. फेकता मात्र येत नाही, मुठीनं टोलवावा लागतो.

या खेळातला बशार हूली हा लेबनीज आईबापांचा मुलगा. २००६च्या खेळाडू-निवडीत एसेंडन क्लबानं त्याला घेतलं. तिथं जेमतेम २६ सामने मिळाले. २०११पासून तो रिचमंडकडे गेला आणि बचावफळीतून डाव्या पायानं लांब चेंडू धाडणारा म्हणून नावाजला. मुस्लिम घरांतले खेळाडू आधीही होते; पण 'धर्म पाळणारा पहिला मुस्लिम खेळाडू' अशी ओळख त्याला चिकटली. हे बिरुद जड असतं. 'मुसलमान असून किती छान मराठी लिहिता!' अशी दाद मलाही मिळते. कौतुकच ते, पण पंगतीतून उठवून वेगळ्या पाटावर बसवणारं.

जून २०१७मध्ये कार्लटनविरुद्ध खेळताना हूलीचा मागे फिरवलेला हात जेड लँबच्या डोक्यावर बसला. लँबला सामना सोडावा लागला. शिस्त-न्यायाधिकरणापुढे हूलीच्या बाजूनं त्याचं समाजकार्य मांडलं गेलं, पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी त्याच्याविषयी काढलेले शब्दही. शिक्षा झाली दोन सामन्यांची. लीगनं आपल्याच न्यायाधिकरणाविरुद्ध अपील केलं आणि दोनाचे चार झाले.

मला विचाराल तर अपील रास्त होतं. ज्याच्या डोक्याला मार बसतो, त्याला मारणाऱ्याच्या समाजकार्याचा काय उपयोग? शिवाय 'चांगला मुसलमान' म्हणून आज सूट घेतली, तर उद्या कुणा दुसऱ्याच्या गुन्ह्याचा जाबही त्याच नावानं द्यावा लागतो.

हूली चार सामने बाहेर बसला, परतला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला रिचमंडनं अ‍ॅडलेडला हरवून १९८०नंतरचं पहिलं अजिंक्यपद जिंकलं. २०१९ आणि २०२०च्या विजयी संघांतही तो होता. २०१९मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली. २०२१मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर २३२ सामने होते.