बंद पडणाऱ्या संगणकाचे शेवटचे शब्द

१९९४ मध्ये अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक तारांनी जोडून एक मोठे गणनयंत्र उभे केले. त्याचे नाव 'बेओवुल्फ'. एक मोठे गणित वाटून घेऊन एकत्र सोडवणाऱ्या अशा संगणकांना आपण 'समूह' किंवा क्लस्टर म्हणतो. आज अशा समूहांत शेकडो, हजारो संगणक असतात. त्यांतला एखादा मध्येच बंद पडला, तर त्याच्यावर अवलंबून असलेले कित्येक तासांचे गणित वाया जाऊ शकते. तो का बंद पडला हे शोधायचे कसे?

संगणकातील स्मृती, चकती, जाळे यांचा कारभार पाहणारा कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. न सावरता येणारी चूक घडली की कर्नेल काम थांबवतो. याला 'कर्नेल पॅनिक' म्हणतात. थांबण्यापूर्वी तो काही ओळी लिहितो: कोणता प्रोग्रॅम चालू होता, कोणत्या फंक्शनमधून कोणत्या फंक्शनमध्ये आपण आलो, प्रोसेसरच्या रजिस्टरांत कोणते आकडे होते. निदानासाठी या ओळी फार मोलाच्या असतात.

पण त्या लिहायच्या कुठे? चकतीवर लिहिणारा भागच बिघडलेला असला, तर चांगली माहितीही खराब व्हायची. पडद्यावर लिहाव्यात, तर समूहातील संगणकांना बहुधा पडदाच नसतो. असला तरी जुन्या पद्धतीच्या पडद्यावर २५ ओळी मावतात, आधीच्या वर सरकून नाहीशा होतात. प्रत्येक संगणकाला सीरियल तार जोडता येते, पण शंभर संगणकांना शंभर तारा लागतील.

जाळ्याची तार मात्र प्रत्येकाला असतेच. तिचाच उपयोग लिनक्समधील 'नेटकन्सोल' करते. इंगो मोल्नार यांनी ते २००१ मध्ये सुरू केले. पुढे मॅट मॅकॉल यांनी ते लिनक्सच्या २.६ आवृत्तीसाठी नव्याने बांधले.

पोस्टकार्डाची युक्ती

पूर्वी परगावी जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत घरचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे घालून देत. नेटकन्सोल हेच करते. संदेश कोणत्या संगणकाकडे जायचा, त्याच्या जाळे-कार्डाचा क्रमांक कोणता, हे आधीच नोंदवून ठेवतात. ऐन वेळी पत्ता शोधायला सवड नसते. कोरी कार्डेही, म्हणजे संदेशासाठी लागणारी थोडी स्मृती, आधीच राखून ठेवलेली असते.

संदेश 'यूडीपी' पद्धतीने जातो. यात पोचपावती नसते. पोचपावती मागणाऱ्या 'टीसीपी' पद्धतीत उत्तराची वाट पाहावी लागते, वेळ मोजावी लागते, न पोचलेले पुन्हा पाठवावे लागते. कोलमडणाऱ्या कर्नेलला हे झेपणारे नाही. एरवी जाळे-कार्ड काम झाल्याची सूचना देऊन प्रोसेसरचे लक्ष वेधते. संकटात अशा सूचना बंद असू शकतात, म्हणून कर्नेल स्वतःच कार्डाकडे वारंवार जाऊन पाहतो.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांच्या दोन जोड्या घ्या. दोघींना तीच शब्दयादी द्या. पहिल्या जोडीतील वाचणाऱ्याने प्रत्येक शब्दानंतर 'मिळाला' असे उत्तर येईपर्यंत थांबावे. दुसऱ्याने न थांबता वाचावे. अचानक टाळी वाजवून दोघांना थांबवा. कोणाचे जास्त शब्द पोचले? कोणाचे गळाले? नंतर पहिल्या जोडीतील ऐकणाऱ्याला गप्प राहायला सांगून पुन्हा पाहा.

फायदा आणि मर्यादा

सर्वांचे संदेश एकाच ठिकाणी जमले की तुलना करता येते. एकच संगणक दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोलमडत असेल, तर त्याच्या स्मृतीच्या चिपांवर संशय घ्यावा. अनेक संगणक एकाच फंक्शनमध्ये थांबत असतील, तर दोष बहुधा प्रोग्रॅममध्ये आहे. एरवी दोन्ही प्रसंगी 'संगणक गप्प झाला' एवढेच कळले असते.

मर्यादाही आहेत. जाळे सुरू होण्यापूर्वीचा बिघाड यातून कळत नाही. जाळे-कार्डाचाच चालक बिघडला, तर संदेश निघतच नाही. काही ओळी वाटेत हरवू शकतात. पोस्टकार्डासारखाच हा मजकूर उघडा असल्याने तो खासगी जाळ्यातच ठेवणे बरे.

आता विद्यार्थ्यांना विचारा: पोचपावती नसताना मधली ओळ हरवली हे ओळखायचे कसे? प्रत्येक पोस्टकार्डावर काय लिहावे लागेल?