मतदानाची टक्केवारी आणि यादीबाहेरचे युवक : पिंपळगाव बसवंत परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

लोकशाहीतील लोकसहभाग मोजताना मतदानाची टक्केवारी हा सर्वाधिक वापरला जाणारा निकष आहे. २० मे २०२४ रोजी झालेल्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघात सुमारे ६७ टक्के मतदान झाले. शेजारच्या नाशिक मतदारसंघात ते सुमारे ६१ टक्के होते आणि संपूर्ण महाराष्ट्राची सरासरीही सुमारे ६१ टक्केच होती. द्राक्षे, कांदा व टोमॅटो यांची बाजारपेठ म्हणून परिचित असलेले निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत दिंडोरी मतदारसंघातच मोडते. ग्रामीण मतदार शहरी मतदारापेक्षा अधिक जागरूक आहे, असा निष्कर्ष या आकड्यांवरून सहज काढला जातो. तथापि या परिसरातील युवकांचा मतदानात किती सहभाग आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते का मिळत नाही आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी त्याची दखल का घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

टक्केवारी काय सांगते व काय झाकते :

मतदानाची टक्केवारी काढताना झालेल्या मतदानाला नोंदणीकृत मतदारांच्या संख्येने भागले जाते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांच्या संख्येने नव्हे. ज्याचे नाव यादीतच नाही, तो या गणितात कोठेच येत नाही. उदाहरणादाखल अशी कल्पना करू, की एखाद्या गावात अठरा-एकोणीस वर्षे वयाचे १०० युवक आहेत. त्यांपैकी ४० जणांनी नावे नोंदविली व ३० जणांनी मतदान केले. या गटाचे मतदान ७५ टक्के ठरेल. प्रत्यक्षात शंभरांपैकी सत्तर जण मतदान केंद्रापर्यंत पोहोचलेलेच नाहीत. म्हणजे नोंदणी जितकी कमी, तितकी टक्केवारी अधिक समाधानकारक दिसण्याचा संभव असतो.

ही केवळ कल्पना नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या घोषणेच्या वेळी देशातील सुमारे ९७ कोटी मतदारांपैकी १८-१९ वयोगटातील मतदार सुमारे १.८ कोटी होते. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक युवक वयाची अठरा वर्षे पूर्ण करतात. हे लक्षात घेता या वयोगटातील निम्म्याहून अधिक युवक यादीबाहेर होते, असे म्हणावे लागते. शिवाय निवडणूक आयोगाच्या अधिकृत आकडेवारीत मतदान लिंगनिहाय दिलेले असते, वयोगटनिहाय दिलेले नसते. त्यामुळे युवकांच्या मतदानाविषयीचे अनुमान नमुना सर्वेक्षणांवरूनच करावे लागते. युवक उदासीन आहेत, हे विधान आपण वारंवार करतो. परंतु जो यादीतच नाही, त्याची उदासीनता मोजणार कशी?

अर्हता दिनांकाचा प्रश्न :

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२६ मधील मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. मात्र अठरावा वाढदिवस झाला म्हणजे लगेच मताधिकार बजावता येतो, असे नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार वयाची गणना अर्हता दिनांकास होते. पूर्वी १ जानेवारी हा वर्षातील एकच अर्हता दिनांक होता. परिणामी २ जानेवारीस अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यास जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक ठरविले व ही तरतूद १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाली. वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेल्या युवकास आगाऊ अर्ज करण्याची सोयही देण्यात आली.

स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत आणखी एक मर्यादा येते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची मतदार यादी ठरावीक दिनांकास ग्राह्य धरून तिचे प्रभागनिहाय विभाजन करतो. २०२५ मधील निवडणुकांसाठी हा दिनांक १ जुलै २०२५ होता. डिसेंबर २०२५ मध्ये पिंपळगाव बसवंत येथे ग्रामपंचायतीऐवजी नगरपरिषदेसाठी निवडणूक झाली, तीही याच यादीवर.

सप्टेंबर २००६ मध्ये जन्मलेल्या येथील एखाद्या विद्यार्थिनीचा विचार करू. १ ऑक्टोबर २०२४ या अर्हता दिनांकास ती पात्र होती. त्या वेळी तिने अर्ज केला नाही, तर नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक हुकली. जुलै २०२५ पर्यंतही नाव आले नाही, तर नगरपरिषदेची निवडणूकही हुकली. लोकसभा व विधानसभेच्या पुढील नियमित निवडणुका २०२९ मध्ये येतील, तेव्हा तिचे वय बावीस-तेवीस असेल. नगरपरिषदेसाठी तर तिला त्याहून अधिक काळ थांबावे लागेल. पाणी, रस्ते व कचरा यांविषयीचा तिच्या गावाचा निर्णय तिच्या मताविना झालेला असेल. एक अर्ज न भरण्याची ही किंमत आहे.

नोंदणी मागे का राहते :

याची कारणे राजकीय अनास्थेपेक्षा व्यावहारिक अधिक आहेत. बारावीनंतर विद्यार्थी शिक्षणासाठी नाशिक वा पुण्यास जातो आणि नाव गावी ठेवावे की वसतिगृहाच्या पत्त्यावर, या संभ्रमात अर्जच राहून जातो. मुलींच्या बाबतीत ‘लग्नानंतर सासरीच नाव लावू’ हा विचार अनेक घरांत आढळतो. वास्तविक नमुना ६ भरून माहेरी नोंदविलेले नाव पुढे नमुना ८ भरून स्थलांतरित करता येते. मतदार ओळखपत्र आणि मतदार यादीतील नाव यांतील भेदही अनेकांना ठाऊक नसतो. मतदानाचा हक्क यादीतील नावामुळे मिळतो. ओळखपत्र हे केवळ ओळख पटविण्याचे साधन होय.

महाविद्यालयाची भूमिका :

२५ जानेवारी हा दिवस २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिन म्हणून साजरा होतो. महाविद्यालयांत त्या दिवशी प्रतिज्ञा, रांगोळी व प्रभातफेरी असे उपक्रम होतात. ते आवश्यकच आहेत. परंतु प्रतिज्ञा घेणाऱ्यांपैकी किती जणांचे नाव यादीत आहे, हे त्या दिवशी क्वचितच पाहिले जाते.

बहुतेक विद्यार्थी पदवीच्या प्रथम वर्षाच्या आसपास अठरा वर्षांचे होतात आणि त्यांच्या जन्मतारखा प्रवेश अर्जात उपलब्ध असतात. त्या आधारे चार अर्हता दिनांकांनुसार चार याद्या करणे, प्रत्येक दिनांकापूर्वी वर्गशिक्षकाने संबंधितांना सूचना देणे व राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी अर्ज भरण्यास साहाय्य करणे, एवढी व्यवस्था फारशा खर्चाविना उभी राहू शकते. अर्ज दिल्यावर नाव प्रत्यक्ष यादीत आले की नाही, याची पडताळणी मात्र केलीच पाहिजे.

समारोप :

युवकांचा लोकशाहीतील सहभाग मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही. तो त्यापूर्वी, नोंदणीच्या वेळी सुरू होतो. म्हणून मतदानाच्या टक्केवारीबरोबरच पात्र युवकांपैकी नोंदणीकृत किती, हा आकडा महाविद्यालयाने दरवर्षी स्वतःपुरता तरी काढावा. एखाद्याने विचारपूर्वक मतदान न करणे हा त्याचा निर्णय असू शकतो. केवळ नाव नसल्यामुळे त्यास परत जावे लागणे हा त्याचा निर्णय नव्हे. ती व्यवस्थेतील उणीव आहे आणि ती दूर करण्यात अध्यापकाचा वाटा मोठा ठरू शकतो.